वाचकांचे प्रश्न : हल्ल्यानंतरचे आठवडे आणि त्यापुढची वर्षे

गेल्या अंकात २६/११ च्या स्मृतिदिनानिमित्त लिहिताना मी असे म्हटले होते की, मोठा दहशतवादी हल्ला देशाला जेवढा बदलतो त्याहून अधिक त्यानंतरच्या काही आठवड्यांत घेतलेले निर्णय देशाला बदलतात, कारण त्या दिवसांत घाईने केलेले कायदे, दिलेली वचने आणि उच्चारलेले शब्द पुढे वीस-वीस वर्षे मागे घेता येत नाहीत. या एका विधानावर कोल्हापूर शहरातून आणि जिल्ह्यातून बरीच पत्रे आली. काहींत सहमती होती, काहींत उघड राग होता, आणि रागाने लिहिलेली पत्रे मी दोनदा वाचली. त्यांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी नववीच्या वर्गाला राज्यशास्त्र शिकवते. २६ नोव्हेंबरला शाळेत श्रद्धांजली वाहताना लक्षात आले की, वर्गातील एकही मूल २००८ साली जन्मलेले नव्हते. त्यांच्या लेखी तो हल्ला म्हणजे पडद्यावर पाहिलेली गोष्ट आहे. मी मात्र तेव्हा बारावीत होते आणि ते तीन दिवस मला आजही तासातासाने आठवतात. एखादा हल्ला खरोखरच पिढी घडवतो, की ही नुसती बोलण्याची पद्धत आहे? (माध्यमिक शिक्षिका, गडहिंग्लज)

घडवतो, परंतु सगळ्यांना सारखा नाही. कार्ल मानहाइम या समाजशास्त्रज्ञाने १९२८ मध्ये पिढी या विषयावर एक निबंध लिहिला होता. एका काळात जन्मलेली माणसे आपोआप एक पिढी होत नाहीत, असे त्याचे म्हणणे होते. साधारण सतराव्या वर्षापासून पंचविशीपर्यंत माणूस घराबाहेरच्या जगाविषयी स्वतःचे मत पहिल्यांदा बनवू लागतो, आणि त्या वयात जी मोठी घटना अंगावर येते ती पुढच्या सगळ्या घटनांचे माप ठरते. चाळिशीतला माणूस तीच घटना आधीच्या अनुभवांशेजारी ठेवून पाहतो. सतरा वर्षांच्या मुलाकडे शेजारी ठेवण्यासारखे काही नसते. आपण तेव्हा बारावीत होता, म्हणजे नेमक्या त्या उंबरठ्यावर होता.

माझा भाचा त्या वेळी एकोणीस वर्षांचा होता. तो मुंबईत शिकत होता आणि त्याच रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसने कोल्हापूरला यायला निघाला होता. ही गाडी सीएसटीहून साडेआठच्या सुमारास सुटत असे आणि स्थानकात गोळीबार सुरू झाला तो साडेनऊच्या सुमारास. एकट्या त्या स्थानकात ५८ माणसे मारली गेली. कर्जत येईपर्यंत डब्यातले फोन एकामागून एक वाजू लागले, मग घाटात रेंज गेली आणि पुण्यापर्यंत कोणालाच काही कळेना. ज्या बाकावर बसून त्याने वडापाव खाल्ला होता, तिथे तासाभराने काय झाले हे त्याने दुसऱ्या दिवशी घरी येऊन दूरचित्रवाणीवर पाहिले. आजही त्याला त्या स्थानकात बाकावर बसून गाडीची वाट पाहणे जमत नाही. गाडी लागण्याच्या ऐन वेळी तो फलाटावर पोहोचतो.

माझ्या स्वतःच्या वयाच्या लोकांची खूण त्याआधीची आहे, १२ मार्च १९९३ ची. त्या शुक्रवारी मुंबईत बारा ठिकाणी बॉम्बस्फोट झाले आणि २५७ माणसे गेली. मी तेव्हा आपल्याच गडहिंग्लजमध्ये नुकता नोकरीला लागलो होतो. चंदगड, आजरा, गडहिंग्लज या तालुक्यांतील कितीतरी घरांतले पुरुष लालबाग-परळच्या गिरण्यांत आणि गावाच्या बैठकीच्या खोल्यांत होते. संध्याकाळी एसटीडी बूथवर लागलेली रांग रात्री उशिरापर्यंत संपली नाही. माझ्यापुढे उभ्या असलेल्या बाईंच्या हातात एक चुरगळलेली चिठ्ठी होती आणि तिच्यावर चाळीतल्या शेजाऱ्याचा पीपी नंबर, म्हणजे निरोप देण्यासाठीचा फोन नंबर, होता. तो नंबर लागत नव्हता, आणि त्या दर वेळी बाजूला होऊन रांगेच्या शेवटी जाऊन पुन्हा उभ्या राहत होत्या. दहशतवाद हा शब्द ऐकला की मला स्फोटाचे चित्र दिसत नाही, ती चिठ्ठी दिसते.

येथे एक सावधगिरीचा शब्द सांगितला पाहिजे, कारण आपण शिक्षिका आहात. अशा घटनांची आठवण जितकी ठसठशीत वाटते तितकी ती बिनचूक असतेच असे नाही. १९८६ मध्ये चॅलेंजर यान कोसळले तेव्हा अल्रिक नायसर या मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून त्यांच्या आठवणी लिहून घेतल्या आणि सुमारे अडीच वर्षांनी त्यांना पुन्हा तेच विचारले. काहींचे जवळजवळ सगळेच तपशील चुकले, तरीही ते आपल्या नव्या आठवणीवर ठाम होते. खुद्द अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांनी, ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यातील पहिले विमान न्यूयॉर्कच्या इमारतीवर आदळताना आपण त्याच वेळी पडद्यावर पाहिले, असे नंतर सांगितले होते. वास्तविक त्या क्षणाचे थेट प्रक्षेपण झालेलेच नव्हते. पिढी आठवणीवर घडते आणि आठवण नंतरही घडत राहते, म्हणूनच शाळेतला तास महत्त्वाचा आहे.

आपल्या विद्यार्थ्यांना मोबाइलवरच्या चित्रफिती दाखवण्याऐवजी त्यांच्यासमोर नकाशा आणि घटनाक्रम ठेवावा, असे मला वाटते. कराचीहून निघालेले दहा जण, अरबी समुद्रात बळकावलेली ‘कुबेर’ ही मासेमारी नौका, कफ परेडची मच्छीमार वस्ती, आणि मग गिरगाव चौपाटीची नाकाबंदी. साताऱ्याच्या जावळी तालुक्यातील केडंबे गावचे तुकाराम ओंबळे यांनी हातात केवळ लाठी असताना कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली, स्वतः गोळ्या झेलल्या, आणि कसाब जिवंत सापडला. मुले येथे थांबून टाळ्या वाजवतील. त्यांना एक पाऊल पुढे न्यावे. तो जिवंत सापडला नसता तर हल्लेखोर कुठले, हे जगासमोर सिद्ध करणे भारताला किती अवघड गेले असते, हा प्रश्न त्यांना विचारावा. केडंब्याच्या एका सहायक उपनिरीक्षकाच्या दोन हातांवर त्यानंतरच्या सगळ्या परराष्ट्र व्यवहाराचा भार होता, हे नववीच्या मुलांना नक्की समजते. या मुलांची स्वतःची खूण बहुधा २२ एप्रिल २०२५ चे पहलगाम ही असेल, आणि ती त्यांच्यापर्यंत कोणत्या रूपात पोहोचली आहे हे तुम्हालाच त्यांच्याकडून काढून घ्यावे लागेल.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याने अमेरिकेचे परराष्ट्र धोरण बदलले, हे वाक्य प्रत्येक नोट्समध्ये असते, पण कसे बदलले आणि भारताचा त्याच्याशी संबंध काय, ही साखळी जुळत नाही. (विद्यार्थी, राजारामपुरी)

साखळी जुळवायची असेल तर तारखा शेजारी शेजारी लिहा. १९ हल्लेखोरांनी चार विमाने ताब्यात घेतली आणि सुमारे तीन हजार माणसे मारली. दुसऱ्याच दिवशी नाटो या लष्करी संघटनेने, एका सदस्यावरील हल्ला म्हणजे सर्वांवरील हल्ला, हे आपले पाचवे कलम इतिहासात पहिल्यांदा लागू केले. १४ सप्टेंबरला अमेरिकेच्या संसदेने अध्यक्षांना बळाचा वापर करण्याचा अधिकार दिला. प्रतिनिधिगृहात बाजूने ४२० आणि विरोधात एक मत पडले. ते एक मत कॅलिफोर्नियाच्या बार्बरा ली यांचे होते आणि त्यांचा आक्षेप एवढाच होता की, हा अधिकार कोणाविरुद्ध आणि किती काळ, याला मर्यादाच नाही. ठरावाचा गाभा जेमतेम साठ शब्दांचा होता. बुश यांच्यासह चार अध्यक्षांनी त्या साठ शब्दांचा आधार घेऊन अफगाणिस्तानापासून कितीतरी दूरच्या देशांत कारवाया केल्या. माझ्या गेल्या लेखातील विधान मुख्यतः या उदाहरणावर उभे होते: हल्ला मंगळवारी झाला आणि वीस वर्षे पुरलेला ठराव शुक्रवारी मंजूर झाला.

७ ऑक्टोबर २००१ रोजी अफगाणिस्तानातील युद्ध सुरू झाले. मार्च २००३ मध्ये इराकवर आक्रमण झाले. त्या देशाचा ११ सप्टेंबरच्या कटाशी संबंध नव्हता, आणि ज्या संहारक अस्त्रांचे कारण दिले गेले तीही सापडली नाहीत. परंतु घाबरलेल्या आणि संतापलेल्या समाजाला तेव्हा दोन गोष्टी वेगळ्या करून पाहणे कठीण गेले. अमेरिकेचे सैन्य अफगाणिस्तानातून ३० ऑगस्ट २०२१ रोजी बाहेर पडले. त्याच्या चार दिवस आधी काबूल विमानतळाच्या दाराशी झालेल्या आत्मघाती स्फोटात १३ अमेरिकी जवान गेले आणि त्यांतले काही अवघ्या वीस वर्षांचे होते. ज्या वर्षी हल्ला झाला त्या वर्षी जन्मलेली मुले त्या हल्ल्याच्या युद्धात शेवटच्या आठवड्यात मेली. पिढी आणि परराष्ट्र धोरण यांचा संबंध यापेक्षा कमी शब्दांत मला सांगता येणार नाही.

आता भारताकडे या. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर घातलेले निर्बंध अमेरिकेने २२ सप्टेंबर २००१ रोजी भारतावरचेही उठवले आणि पाकिस्तानवरचेही, कारण अफगाणिस्तानात जायचे तर पाकिस्तानच्या वाटेनेच जाणे भाग होते. १ ऑक्टोबरला श्रीनगरच्या विधानसभेवर आणि १३ डिसेंबरला आपल्या संसदेवर हल्ला झाला. भारताने सीमेवर प्रचंड सैन्य नेऊन उभे केले. ‘पराक्रम’ नावाची ही मोहीम सुमारे दहा महिने चालली आणि युद्धाविना संपली. २००४ मध्ये तर पाकिस्तानला नाटोबाहेरील प्रमुख मित्रदेशाचा दर्जा मिळाला. ज्या देशाच्या भूमीवरून आपल्यावर हल्ले होतात तोच देश दहशतवादविरोधी युद्धातील भागीदार ठरला, हा त्या काळात दिल्लीने गिळलेला सर्वांत कडू घोट होता. तरीही अमेरिकेशी संबंध वाढतच गेले आणि ऑक्टोबर २००८ मध्ये नागरी अणुकरारावर सह्या झाल्या, २६/११ च्या जेमतेम सात आठवडे आधी.

एक गोष्ट नोट्समध्ये सहसा नसते, ती अवश्य लिहा. २००३ मध्ये अमेरिकेने इराकमध्ये भारतीय सैन्य मागितले होते. वाजपेयी सरकारने बराच विचार करून जुलै २००३ मध्ये नकार दिला. मैत्री वाढवायची होती, दहशतवादाचा बळी आपणही होतो, दबाव मोठा होता, आणि तरी नकार दिला गेला. तो होकार असता तर आपल्या जिल्ह्यातील कितीतरी घरांतली मुले त्या वाळवंटात गेली असती.

याच्या जोडीला माद्रिदचेही उदाहरण ठेवा. ११ मार्च २००४ रोजी तेथील लोकलगाड्यांत स्फोट झाले, सरकारने घाईने बास्क फुटीरतावाद्यांवर ठपका ठेवला, तीन दिवसांनी निवडणूक होती आणि लोकांनी ते सरकार घालवले. नव्या सरकारने इराकमधून सैन्य परत बोलावले. तसाच हल्ला, तसाच शोक, पण धोरण उलट दिशेला गेले. हल्ल्याला ठरलेले उत्तर नसते.

प्रश्न : संयुक्त राष्ट्रांना दहशतवादाची व्याख्यासुद्धा करता येत नाही का? (निवृत्त लिपिक, इचलकरंजी)

सर्वांना मान्य होईल अशी व्याख्या अजून झालेली नाही. भारताने १९९६ मध्येच एका सर्वंकष कराराचा मसुदा मांडला. परकीय अंमलाखाली असलेल्या लोकांचा सशस्त्र लढा व्याख्येबाहेर ठेवावा की नाही, आणि राज्यांच्या स्वतःच्या लष्करांच्या कृती त्यात याव्यात की नाही, या दोन मुद्द्यांवर तो अडला आहे. सुरक्षा परिषदेने २८ सप्टेंबर २००१ च्या १३७३ क्रमांकाच्या ठरावाने दहशतवाद्यांना पैसा आणि आसरा देण्यावर सर्व देशांना बंदी घातली. व्याख्या मात्र त्यातही नव्हती.

प्रश्न : आमच्या घराण्यातील चार पिढ्या फौजेत गेल्या. २००८ मध्ये मी सेवेत होतो आणि आदेशाची वाट पाहत होतो. आदेश आला नाही. २०१६, २०१९ आणि २०२५ मध्ये आला. तुमच्या लेखात संयमाचे कौतुक केल्यासारखे वाटले आणि मला ते बोचले. २००८ चा संयम म्हणजे दुबळेपणाच नव्हता का? (निवृत्त सुभेदार, शिरोळ तालुका)

सुभेदारसाहेब, आपल्याला बोचले असेल तर लिहिण्यात माझी चूक झाली. गणवेशात उभे राहून न आलेल्या आदेशाची वाट पाहणे म्हणजे काय, हे मला अनुभवाने माहीत नाही, आणि ज्याला माहीत आहे त्याच्याशी वाद घालताना मी सावकाश बोलेन.

आपल्यासारखेच मत तेव्हा सरकारातही होते. शिवशंकर मेनन तेव्हा परराष्ट्र सचिव होते. पुढे त्यांनी जाहीरपणे लिहिले की, त्या क्षणी लष्कर-ए-तैयबाच्या मुरिदके येथील तळावर किंवा पाकव्याप्त काश्मीरमधील छावण्यांवर लगेच आणि दिसेल असा प्रहार करावा, असा आग्रह त्यांनी धरला होता. आणि मागे वळून पाहताना मात्र तो न करण्याचा निर्णय त्या वेळेपुरता योग्य होता, असे त्यांना वाटू लागले. प्रहार झाला असता तर जगाचे लक्ष मुंबईच्या १६६ मृतांवरून दोन अण्वस्त्रधारी देशांच्या भांडणावर गेले असते, आणि पाकिस्तानात लष्कराच्या मागे सगळा देश उभा राहिला असता, हा त्यामागचा विचार. ‘पराक्रम’चा अनुभव जुना नव्हता. सैन्य सीमेवर पोहोचेपर्यंत आठवडे जातात आणि तोवर मध्यस्थी करणारे दिल्लीत येऊन बसतात, हे आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता.

संयमातून काही मिळाले हे खरे आहे. डिसेंबर २००८ मध्येच सुरक्षा परिषदेने हाफिज सईदचे नाव निर्बंधांच्या यादीत घातले. फेब्रुवारी २००९ मध्ये पाकिस्तानने, कटाचा काही भाग आपल्या भूमीवर शिजला, हे अधिकृतपणे मान्य केले. असे तोवर कधी घडले नव्हते. हल्ल्याआधी मुंबईची टेहळणी करणारा डेव्हिड हेडली शिकागोत पकडला गेला आणि त्याला ३५ वर्षांची शिक्षा झाली, तर त्याचा साथीदार तहव्वूर राणाला एप्रिल २०२५ मध्ये भारताच्या हवाली करण्यात आले. घरातही राष्ट्रीय तपास संस्था, मुंबईसह चार शहरांत एनएसजी या केंद्रीय कमांडो दलाची केंद्रे, राज्याचे फोर्स वन हे कमांडो दल, किनारा सुरक्षेची नौदलावर सोपवलेली जबाबदारी, हे सगळे त्या एका हल्ल्याच्या पोटी आले.

आणि संयमातून पुष्कळ काही मिळाले नाही, हेही तितकेच खरे आहे. हल्ल्याच्या सूत्रधारांपैकी एक मानला जाणारा लख्वी पाकिस्तानात जामिनावर सुटला. खटला रेंगाळला. आठच महिन्यांनी शर्म-अल-शेख येथील भारत-पाकिस्तान संयुक्त निवेदनात बलुचिस्तानचा उल्लेख आला, म्हणजे तेथील अशांततेत भारताचा हात असल्याच्या पाकिस्तानी आरोपाला जणू जागा मिळाली, तेव्हा देशभर जो संताप उसळला त्यात मीही होतो. न्याय मागण्याचा मार्ग निवडल्यावर तो शेवटपर्यंत न नेणे याला मी दुबळेपणा म्हणेन. पहिल्या आठवड्यात बंदूक न उचलण्याला म्हणणार नाही.

आता पिढीकडे येतो, कारण माझ्या मते २००८ आणि २०१६ यांमधला खरा फरक तिथे आहे. सुमारे साठ तास चाललेला तो हल्ला ज्यांनी सतरा ते पंचवीस या वयात पडद्यावर पाहिला, ते २०१६ पर्यंत पंचवीस ते तेहतीस वर्षांचे झाले होते. ते मतदार होते, वृत्तवाहिन्यांत काम करत होते, आणि आपल्याच पलटणीत कॅप्टन-मेजर झाले होते. ‘त्या वेळी आपण काहीच केले नाही’ हे वाक्य त्यांच्या मनात पक्के बसलेले होते. सरकार बदलले होते, शस्त्रसामग्री सुधारली होती, जगाची मांडणीही वेगळी होती. परंतु कोणतेही सरकार असते तरी या पिढीसमोर पुन्हा केवळ पुराव्यांची फाइल ठेवणे त्याला जड गेले असते. उरीचा हल्ला १८ सप्टेंबरला, लक्ष्यभेदी कारवाई २९ सप्टेंबरला. पुलवामा १४ फेब्रुवारीला, बालाकोट २६ फेब्रुवारीला. पहलगाम २२ एप्रिलला, ऑपरेशन सिंदूर ७ मेच्या पहाटे. अकरा दिवस, बारा दिवस, पंधरा दिवस. २००८ मध्ये टळलेले मुरिदके २०२५ च्या नऊ लक्ष्यांत होते. १९६० चा सिंधू जलकरार तीन युद्धांत टिकला होता, तोही पहलगामनंतर दुसऱ्याच दिवशी स्थगित झाला.

या कारवायांमुळे पाकिस्तानला किंमत मोजावी लागते हे दिसले, आणि त्याचे महत्त्व मी कमी लेखत नाही. माझी काळजी वेगळी आहे. हल्ल्यानंतर लोक आता दिवस मोजू लागले आहेत. यापुढील प्रत्येक हल्ला युद्धाची कृती मानला जाईल, असे मे २०२५ मध्ये सरकारकडून सांगितले गेले. अशा वेळी कारवाईचा क्षण ठरवण्याची किल्ली काही अंशी हल्ला करणाऱ्याच्या हातात जाते. शिवाय प्रहारानंतरही जगाला समजावावेच लागते: सिंदूरनंतर सर्वपक्षीय सात शिष्टमंडळे परदेशी गेली, त्यांतील एक सुप्रियाताई सुळे यांच्या आणि एक श्रीकांत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली होते, आणि तरीही जूनमध्ये पाकिस्तानच्या लष्करप्रमुखांना वॉशिंग्टनमध्ये अध्यक्षांच्या पंक्तीला बसण्याचे निमंत्रण मिळाले. २००१ चा कडू घोट पुन्हा आला.

आपण चार पिढ्या म्हणता, म्हणजे आपले पणजोबा पहिल्या महायुद्धाच्या काळातले असणार. ते युद्ध कसे सुरू झाले हे आपण जाणताच. २८ जून १९१४ रोजी सारायेव्हो येथे एकोणीस वर्षांच्या एका तरुणाने ऑस्ट्रियाच्या युवराजाला गोळी घातली. ऑस्ट्रियाने अंतिम इशारा दिला, मित्रदेशांनी एकमेकांना दिलेली वचने पाळली, आणि जेमतेम पाच आठवड्यांत युरोप युद्धात होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हिंदी फौजा आजच्या इराकमधील बसऱ्याला उतरल्या, आणि पुढे तिथल्याच कूत शहराच्या वेढ्यात मराठा पलटणी उपासमारीपर्यंत पोहोचल्या. आपल्या भागातील काही गावांत चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत बसवलेली ती छोटी संगमरवरी शिळा आपण पाहिली असेल: या गावातून महायुद्धाला किती माणसे गेली आणि किती परतली नाहीत, एवढेच तिच्यावर इंग्रजीत कोरलेले असते. ज्यांनी सारायेव्हो हे नाव कधी ऐकले नव्हते त्यांचे आकडे त्या दगडावर आहेत. हल्ल्यानंतरच्या आठवड्यांविषयी मी इतक्या आग्रहाने लिहितो ते या शिळेमुळे. आदेश द्यावा लागेल तेव्हा तो दिलाच पाहिजे. तो कोणाच्या घरी पोहोचतो हे ठाऊक असलेल्या माणसाने तो द्यावा, इतकेच माझे म्हणणे आहे.

प्रश्न : पहलगामच्या हल्ल्यानंतर शाळा सुरू झाल्यावर माझ्या सातवीतल्या मुलीला वर्गातील एका मुलीने विचारले, ‘तुमच्या लोकांनी असे का केले?’ घरी येऊन ती रडली नाही. दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत डबा एकटी खाऊ लागली. तिला मी काय सांगू? (मुस्लिम गृहिणी, कोल्हापूर शहर)

ताई, आपले पत्र मी या सदरात शेवटी ठेवले आहे, कारण त्याला उत्तर देण्यापूर्वी वरचे सगळे लिहून होणे मला गरजेचे वाटले.

पहलगाममध्ये मारेकऱ्यांनी धर्म विचारून माणसे मारली. त्या २६ मृतांत सहा जण आपल्या महाराष्ट्राचे होते. धर्म विचारण्यामागे हिशेब होता: बातमी देशभर जावी आणि प्रत्येक गावात, प्रत्येक वर्गात शेजारी बसणाऱ्यांनी एकमेकांकडे संशयाने पाहावे. त्याच मैदानावर पर्यटकांना वाचवण्यासाठी हल्लेखोराच्या अंगावर धावून गेलेला काश्मिरी मुसलमान घोडेवालाही मारला गेला, हे आपल्या मुलीला सांगा. २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या हल्ल्यानंतर चारच दिवसांनी ॲरिझोनात एका शीख पेट्रोलपंपचालकाचा केवळ पगडी आणि दाढी पाहून खून झाला, हेही ती थोडी मोठी झाल्यावर सांगा, म्हणजे हा प्रश्न तिच्या एकटीच्या वाट्याला आलेला नाही हे तिला कळेल.

आणि मुंबईची एक हकीकत तिला आजच सांगा. २६/११ मध्ये मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांचे दफन करण्याची वेळ आली तेव्हा मुंबईच्या बडा कब्रस्तानच्या विश्वस्तांनी जागा द्यायला नकार दिला. निरपराध माणसांना मारणारे हे लोक आमचे नाहीत, अशी त्यांची भूमिका होती. ते मृतदेह वर्षभराहून अधिक काळ जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात पडून राहिले आणि शेवटी सरकारने गुपचूप त्यांची विल्हेवाट लावली. सीएसटीवर त्या रात्री मेलेल्यांत मुसलमान प्रवासीही होते. हल्लेखोर कोणाचे, या प्रश्नाला मुंबईच्या मुसलमानांनी भाषण न करता उत्तर दिले होते, आणि परदेशी वृत्तपत्रांनी त्याची ठळक नोंद घेतली होती. भारताची बाजू जगासमोर मांडताना त्या नकाराचा जेवढा उपयोग झाला असेल तेवढा कित्येक निवेदनांचा झाला नसेल.

तिला कोणापुढेही खुलासा देण्याची गरज नाही. ज्या शहरात १९०६ साली राजर्षी शाहू महाराजांनी मुस्लिम बोर्डिंग काढले आणि त्याच्या संस्थेचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले, त्या शहरात बारा वर्षांच्या मुलीने एकटीने डबा खाणे ही आम्हा सगळ्यांची नामुष्की आहे.

वर्गशिक्षिकांना अवश्य भेटा, परंतु दुसऱ्या मुलीची तक्रार घेऊन जाऊ नका. तीही बारा वर्षांचीच आहे, आणि तो प्रश्न तिने घरी किंवा मोबाइलवर कोणाकडून तरी ऐकलेला आहे. घोडेवाल्याची आणि बडा कब्रस्तानची हकीकत वर्गात सर्वांसमोर, कोणाचेही नाव न घेता सांगावी, अशी विनंती शिक्षिकांना करा. त्यांना ते अवघड वाटत असेल तर त्यांनी मला बोलवावे. माझा पत्ता अंकाच्या कार्यालयात मिळेल. बुधवारी आणि शुक्रवारी मी दुपारी मोकळा असतो, आणि मधल्या सुट्टीच्या आधीचा तास मिळाला तर अधिक बरे.